परमिट: एका कागदाची कुळकथा

परमिट म्हटलं की आपल्याला रिक्षा आठवते, नाहीतर बिअर. 'परमिट रूम'चं मूळ मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यात आहे, हे पुष्कळांना ठाऊक असतं. त्याच सुमारास या शब्दाला एक थोरला भाऊही होता. त्याचं नाव मराठीत टिकलं नाही. वंश मात्र जळगावच्या सिंधी कॉलनीत प्लास्टिकच्या फायलींमध्ये अजून नांदतो आहे.

हा थोरला जन्मला जुलै १९४८ मध्ये. फाळणीनंतर जवळजवळ वर्षभर पश्चिमेची सरहद्द ओलांडायला कागद लागत नव्हता. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली आणि सिंधमधून निघणाऱ्यांची रीघ लागली. कोणी आगबोटीने मुंबईला, कोणी रेल्वेने, आणि तिथून जागा मिळेल त्या गावी. त्यातली काही कुटुंबं पूर्व आणि पश्चिम खान्देशात, म्हणजे आजच्या जळगाव-धुळ्यात उतरली. धुळ्याचं कुमारनगर, जळगावची सिंधी कॉलनी या त्यांनी वसवलेल्या वस्त्या.

मग १९ जुलै १९४८ पासून पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्याला परमिट सक्तीचं झालं. रोख मुख्यतः तिकडे जाऊन परत येऊ पाहणाऱ्या मुसलमानांवर होता, पण नियम सगळ्यांसाठी झाला. तात्पुरत्या भेटीचं परमिट वेगळं, कायम वस्तीचं वेगळं. ही तारीख पुढे थेट राज्यघटनेत जाऊन बसली. कलम ६ सांगतं, त्या दिवसाआधी आलेला आणि इथेच राहिलेला निर्वासित नागरिक झालाच. नंतर आलेल्याने सहा महिने राहून अर्ज करायचा आणि नोंदणी करून घ्यायची. कलम ७ मध्ये तर 'परमिट' हा शब्दच आहे. सिनेमाच्या तिकिटाएवढी पत असलेला शब्द, आणि मुक्काम घटनेत! या कागदाच्या घराण्यात तारीख हीच कुलदेवता आहे, ती तेव्हापासून.

१५ ऑक्टोबर १९५२ ला भारत-पाकिस्तान प्रवासाला पासपोर्ट आणि व्हिसा लागू झाला आणि परमिट गेलं. १९५५ साली नागरिकत्वाचा कायदा आला. सिंधमधले जे हिंदू मागे राहिले होते ते पुढे थोडेथोडे येत राहिले. व्हिसा भेटीचा, मनात परत न जाण्याचा विचार. अशांसाठी दीर्घ मुदतीचा व्हिसा हा प्रकार रूढ झाला. जळगावात त्याला कोणी दीर्घ मुदतीचा व्हिसा म्हणत नाही, एलटीव्ही म्हणतात. कायम वस्तीच्या परमिटचा हाच वारस. फक्त यात 'कायम' हा शब्द उरला नाही.

माझ्या ओळखीच्या एका कापडवाल्याने गल्ल्याखालून आईची फाईल काढून दाखवली होती. वर हिरवा पासपोर्ट, मुदत कधीच संपलेला. खाली एलटीव्हीचे प्रिंट, सालवार लावलेले. प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेन्सिलने पुढची तारीख, कारण मुदत संपायच्या आत अर्ज गेला पाहिजे. परदेशी नागरिकांची नोंद जिल्ह्यात पोलीस अधीक्षक कार्यालयात होते, त्यामुळे म्हातारीच्या डॉक्टरइतकीच त्या टेबलाची ओळख घरात सगळ्यांना.

कायदा मात्र या काळात जागचा हलत राहिला. जुलै १९८७ पूर्वी इथे जन्मलेलं मूल सहसा आपोआप नागरिक होई. त्यानंतर तसं नाही, आणि ३ डिसेंबर २००४ पासून नियम आणखी कडक झाला. आईबाप दोघेही एलटीव्हीवर असतील तर जळगावच्या सिव्हिलमध्ये जन्मलेलं, अहिराणी ऐकत वाढलेलं पोरही कायद्याने परकं.

२०१६ हे साल या कुळकथेत मजेदार आहे. त्या जुलैमध्ये केंद्राने एलटीव्हीवरच्या अल्पसंख्याकांना बँकखातं, पॅन, आधार, ड्रायव्हिंग लायसन्स आणि राहण्यापुरतं छोटं घर घ्यायची मोकळीक दिली. ऑगस्टअखेर त्याच सरकारने परदेशी गुंतवणूकदारांसाठी दुसरं दार उघडलं: दीड वर्षात १० कोटी किंवा तीन वर्षांत २५ कोटी रुपये गुंतवा, दरवर्षी किमान २० भारतीयांना काम द्या, दहा वर्षं राहा. नागरिकत्व यातूनही नाही. आणि पाकिस्तानी नागरिकाला, किंवा मूळ पाकिस्तानी असलेल्याला, हे दार बंद. म्हणजे जळगावच्या फुले मार्केटातल्या एखाद्या सिंधी व्यापाऱ्याचा कराचीतला मावसभाऊ कितीही पैसेवाला असो, त्याला एलटीव्हीच्याच रांगेत उभं राहायचं. पैसे भरून रहिवास ही रीत जगात चालते, पण नियम तिथेही पायाखालून सरकतात. पोर्तुगालने २०१२ मध्ये गोल्डन व्हिसा काढला, पाच वर्षांनी नागरिकत्व मागता येईल या हिशेबाने लोकांनी घरं घेतली, आणि २०२५ मध्ये तिथल्या संसदेत पाचाचे दहा करण्याचा घाट घातला गेला.

आपल्याकडे नागरिकत्व कायद्यात २०१९ ची दुरुस्ती आली, नियम ११ मार्च २०२४ ला. पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिस्ती, ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेले. अकराऐवजी पाच वर्षांचा रहिवास पुरे. मुसलमान वगळल्यावरून वाद सर्वोच्च न्यायालयात आहे, तो रास्तही आहे. जळगावपुरतं बोलायचं तर हे अर्ज पाहणाऱ्या जिल्हा समितीचे प्रमुख डाक अधीक्षक आहेत, अर्जदाराला आठव्या अनुसूचीतली एक भाषा यावी लागते, आणि सिंधी तिथे १९६७ पासून आहेच. पण १ जानेवारी २०१५ ला आलेल्याला जुनीच लांब वाट. कुलदेवता पावली ती एका दिवसाच्या हिशेबाने.

एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर पाकिस्तान्यांचे व्हिसा रद्द झाले. हिंदूंचे एलटीव्ही चालू राहतील असा खुलासा झाला, तरी त्या आठवड्यात सिंधी कॉलनीत कोणी नीट जेवलं असेल असं मला वाटत नाही.

एक विनंती. जळगाव, धुळे, अमळनेर, भुसावळ, कुठेही तुमच्या घरी आजोबांचं १९४८-४९ चं परमिट किंवा नोंदणीचा दाखला असेल तर तो लॅमिनेट करू नका. उष्णतेने जुनी शाई आणि कागद दोन्ही जातात. सुती कापडात गुंडाळा, फोटो काढून दोन ठिकाणी ठेवा, आणि मागे पेन्सिलने गावाचं नाव लिहा.