कारागिराचा मुलगा आणि ज्ञानकोश

युरोपातील प्रबोधनाचा धडा शिकताना विद्यार्थ्यांना व्हॉल्तेअर आणि रूसो ही नावे सहज पाठ होतात. परंतु त्या युगातील एका प्रचंड ग्रंथासाठी ज्याने आयुष्याची वीसहून अधिक वर्षे वेचली, तो देनी दिदरो मात्र टीपेपुरताच उरतो.

दिदरोचा जन्म १७१३ साली फ्रान्समधील लांग्र गावी झाला. वडील चाकू, सुऱ्या व शस्त्रक्रियेची हत्यारे घडवीत. मुलगा शिकला आणि पॅरिसला लेखणीवर जगू लागला. इंग्लंडमध्ये १७२८ साली निघालेल्या चेंबर्सच्या दोन खंडांच्या कोशाचे फ्रेंच भाषांतर करावे, एवढाच तेथील प्रकाशकाचा मूळ बेत होता. दिदरो आणि गणितज्ञ दालांबेर यांनी १७४७ साली संपादन हाती घेतले व त्यातून स्वतंत्र ज्ञानकोश उभा राहिला. पहिला खंड १७५१ साली निघाला.

या कोशाचे वेगळेपण कशात होते? धर्मशास्त्र व तत्त्वज्ञान यांच्या बरोबरीने त्यात टाचणी, काच, कागद, विणकाम यांनाही स्थान होते. हातांनी काम करणाऱ्यांना कमी लेखण्याची विद्वानांची खोड दिदरोला मान्य नव्हती. माहितीसाठी त्याने कारागिरांच्या कारखान्यांचा आधार घेतला. मोजे विणण्याच्या यंत्रावरील लेख त्याने स्वतः लिहिला. पिढ्यान्‌पिढ्या उस्तादाकडून शागिर्दाकडे जाणारी विद्या अशा रीतीने छापील पानावर आली.

सत्तेला मात्र हे स्वतंत्र विचार रुचले नाहीत. १७५२ साली पहिल्या दोन खंडांवर बंदी आली. १७५९ साली छपाईचा परवानाच रद्द झाला. दालांबेर संपादनातून आधीच बाजूला झाला होता. दिदरो मागे हटला नाही. पुढे १७६४ साली त्याला आढळले की, खुद्द प्रकाशकानेच भीतीपोटी, त्याला न विचारता अनेक लेखांतील मजकूर कापला आहे. संतापाने तो पेटला, तरी काम त्याने सोडले नाही. १७७२ पर्यंत मजकुराचे १७ आणि चित्रांचे ११ असे २८ खंड पूर्ण झाले. शेव्हालिए द जोकूर या एकाच सहकाऱ्याने त्यातील हजारो नोंदी लिहिल्या.

या कोशालाही मर्यादा होत्या. त्याची किंमत इतकी होती की ज्या कारागिरांची हत्यारे त्यात चितारली होती, त्यांना तो घेणे परवडणारे नव्हते. पुढे लहान आकाराच्या, स्वस्त आवृत्त्या निघाल्या, तेव्हा तो अधिक घरांत पोहोचला. ज्ञान छापले म्हणजे ते सर्वांचे झाले असे नव्हे. ते सर्वांच्या आवाक्यात आणावे लागते.

विद्यार्थी मित्रहो, ‘वडील काय करतात?’ या प्रश्नाला उत्तर देताना आपल्यापैकी काहींचा आवाज खाली येतो. माग चालविणाऱ्या, लाकूड तासणाऱ्या, इंजिन उघडून जोडणाऱ्या हातांपाशीही विद्या असते. सुट्टीत एक दिवस वही-पेन्सिल घेऊन वडिलांच्या कामाजवळ बसा, हत्यारांची नावे विचारा, चित्रे काढा. आणि पालकहो, मुलगा किंवा मुलगी विचारू लागली तर ‘तुला काय करायचंय?’ म्हणून तिला परत पाठवू नका. शिक्षणाने घराचा कसब विसरावा, असे कोणी सांगितले?