फटफटीचा पाठभेद

मराठीने मोटारसायकलला 'फटफटी' म्हटले ते तिच्या चाकांमुळे नव्हे, वेगामुळेही नव्हे. मागच्या नळीतून बाहेर पडणाऱ्या आवाजामुळे. ज्या अवयवावरून यंत्राला नाव मिळाले तोच अवयव यंत्रात सर्वांत आधी नासतो. सायलेन्सर आतून काजळीने कोंदतो, बाहेरून गंजतो, दगडावर आपटतो आणि बदलला जातो. म्हणूनच चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची एखादी गाडी समोर आली की जाणकाराचा पहिला प्रश्न असतो: पुंगळी कंपनीची की बाहेरची? प्रश्न गॅरेजमधला आहे. पण ज्याने हस्तलिखितांवर काम केले आहे त्याला तो परका वाटणार नाही.

आमच्यापुढे तो आर्णीत आला. यवतमाळहून माहूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, अरुणावतीच्या काठचे हे तालुक्याचे गाव. तेथे एका दिवंगत शिक्षकांच्या घरी, गुरांच्या कोठ्यात, 'राजदूत 175' उभी होती. मुलाला ती विकायची होती. नागपूरचे एक संग्राहक ती घ्यायला तयार होते, मात्र सायलेन्सर मूळचा असेल तरच ठरलेली पूर्ण रक्कम देणार होते. आम्ही तिघे मित्र. त्यांपैकी दोघे मराठीचे अध्यापक आणि तिघेही जुन्या गाड्यांच्या नादाने बदनाम. दोन्ही पक्षांनी निर्णय आमच्यावर सोपवला. वर्गात पाठचिकित्सा शिकवणे सोपे असते. इथे निर्णयाला किंमत होती, आणि ती दुसऱ्याच्या खिशातून जाणार होती.

प्रथम 'मूळ' म्हणजे काय, हेच पाहावे लागले. राजदूत ही स्वतःच एक भाषांतरित गाडी. पोलंडमध्ये किएल्त्से येथे 1961 पासून तयार होणाऱ्या एसएचएल एम 11 या गाडीवरून एस्कॉर्ट्स कंपनीने ती भारतात घडवली. तिची भावंडेही अशीच. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने 1960 च्या सुमारास चेक बनावटीची जावा इथे आणली, तीच पुढे 'येझदी' झाली आणि 1996 मध्ये तो कारखाना बंद पडला. तेव्हा 'अस्सल' हा शब्द आपण वापरतो तो एका अनुवादाच्या पहिल्या आवृत्तीविषयी. असो, संग्राहकाला एवढी सूक्ष्मता नको असते आणि ते योग्यही आहे.

या सगळ्या गाड्या टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचे, ते अर्धवट जळायचे आणि नळीत चिकट काजळी धरायची. काजळी काढण्यासाठी सायलेन्सर आगीत घालून जाळणे किंवा कॉस्टिक सोड्यात बुडवणे हे ठरलेले उपाय. वारंवार जाळण्यामुळे पत्रा आणखी पातळ होई. म्हणजे बदली नळीची बाजारपेठ इंजिनाच्या स्वभावातच दडलेली होती. दिल्लीचे करोल बाग, पुण्याची नाना पेठ, मुंबईचा चोर बाजार ही तिची मोठी ठाणी. पण तेथवर न पोहोचणाऱ्यांसाठी गावचा वेल्डर होताच.

ओळखायचे कसे? शिक्का पाहून, असे नवखा म्हणतो. शिक्का हा सर्वांत दुबळा पुरावा. तो गंजून जातो, आणि नकलाकार प्रथम त्याचीच नक्कल करतो. वळण पाहावे. कारखान्यात आत साचा घालून वाकवलेली नळी वळणावरही गोल राहते. वाळू भरून, तापवून हाताने वाकवलेल्या नळीला आतल्या बाजूने बारीक सुरकुत्या पडतात. जोड पाहावा: यंत्राने शिवलेली रेषा एकसारखी धावते, हाताचा टाका कुठे जाड, कुठे घाईचा. क्रोमचा मुलामा पाहावा. खाली निकेलचा थर कंजूषपणे दिला असेल तर वरचे क्रोम पापुद्र्यांनी सुटते. ब्रॅकेटचे भोक पाहावे. ते कानशीने लांबवलेले असेल तर नळी या गाडीसाठी जन्मलेली नाही, तिला नंतर जुळवून घेतले आहे. जुन्या जावाच्या बाबतीत आणखी एक सोय आहे. तिच्या एकाच सिलिंडरला उजवी-डावीकडे दोन सायलेन्सर असत. एक बदलला असेल तर दुसरा त्याच्याविरुद्ध साक्ष देतो. राजदूतला ही चैन नाही, ती एकपोथी ग्रंथासारखी.

आणि शेवटी आवाज. टू-स्ट्रोकची नळी म्हणजे केवळ धुराची वाट नव्हे. बाहेर धावणारी दाबाची लाट पुढच्या अडथळ्यावर आदळून मागे फिरते आणि निसटू पाहणारे ताजे मिश्रण सिलिंडरमध्ये परत ढकलते. पूर्व जर्मनीच्या एमझेड कारखान्यात वॉल्टर काडेन यांनी 1950 च्या दशकात हे तंत्र परिपूर्ण केले. त्यांचा स्वार एर्न्स्ट डेग्नर 1961 साली पश्चिमेकडे पळाला, सुझुकीला मिळाला आणि पुढच्याच वर्षी 50 सीसी गटात जगज्जेता झाला. नळीच्या आतल्या नरसाळ्यांचे रहस्य एका माणसाबरोबर सीमा ओलांडून गेले. यामाहाची डीटी-1 ही रानवाटांची गाडी 1968 मध्ये अमेरिकेत आली तेव्हा तिच्यासाठी निराळ्या नळ्या करणारे कारखाने तेथे उभे राहिले. आज त्या नळ्या ओळखताना नाव उडालेले असते. नरसाळ्यांची लांबी आणि जोडांच्या जागा यांवरच भिस्त ठेवावी लागते. नळी आखूड झाली की इंजिनाचा जोर वरच्या फेऱ्यांकडे सरकतो आणि खालची ओढ मंदावते. कान तयार असेल तर ते ऐकू येते.

आर्णीची नळी आम्ही कोठ्याबाहेर उजेडात आणली. वळणाला सुरकुत्या होत्या, टाका हाताचा होता, भोक लांबवलेले होते. निर्णय पाच मिनिटांत झाला असता. पण तिची मागची बाजू कारखान्याच्या नळीपेक्षा चांगली वीतभर वर उचललेली होती, आणि पोटरीला चटका बसू नये म्हणून वर पत्र्याची एक जाळीदार पट्टी ठोकली होती. मुलगा म्हणाला, "बाबांची शाळा आडबाजूला होती. पावसाळ्यात नाल्यातून गाडी न्यावी लागे. नळीत पाणी शिरे, चिखल बसे. मग त्यांनी ही करवून घेतली." काळ्या मातीचा चिखल ज्याने चाकाखाली पाहिला आहे त्याला पुढचे सांगायला नको. रानातल्या गाड्यांची नळी जगभर वर उचललेली असते ती याच कारणाने. त्या वेल्डरने डीटी-1 पाहिली असण्याचे कारण नव्हते.

लीळाचरित्राची हकिकत इथे आठवणे अपरिहार्य होते. माहूरच्या वाटेवर तर विशेषच. म्हाइंभटांची मूळ पोथी हरवली आणि अनुयायांनी आठवणीतून पाठ पुन्हा उभे केले, असे महानुभाव परंपरा सांगते. त्या पाठांतला फरक हा निव्वळ दोष मानला तर अभ्यासकाचे काम सोपे होते आणि ग्रंथाचे आयुष्य मात्र हातून निसटते. भांडारकर संस्थेत 1919 ते 1966 या काळात सिद्ध झालेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीने गाळलेले श्लोकही तळटीपांत आणि परिशिष्टांत जपून ठेवले, हा तिचा मोठेपणा. अलीकडे अनेक शहरांत पोलीस जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून रोडरोलरखाली चिरडतात. कानठळ्या बसवणाऱ्या त्या नळ्यांची आम्हांला कणव नाही. पण 'बाहेरचा' हा एकच शब्द दोघांनाही लागू होतो, हे खटकते खरे.

आम्ही कागदावर लिहून दिले: सायलेन्सर कंपनीचा नाही; स्थानिक कामाचा, गरजेनुसार मुद्दाम बदललेला. संग्राहकांनी रक्कम कमी केली. मुलगा काही बोलला नाही. आमच्याकडे त्याने पाहिलेही नाही. गाडी टेम्पोत चढवण्यापूर्वी त्याने पाना मागितला, सिलिंडरजवळचा नट सैल केला, नळी उतरवली आणि घरात नेऊन ठेवली. संग्राहकांनी हरकत घेतली नाही; त्यांना ती तशीही फेकायचीच होती.