वाटेवरचं स्टेशन

परवा नांदेडच्या घरी माळा आवरताना एमएस्सीची वही सापडली. नेप्ट्युनियमवर त्यात दीडच ओळ! युरेनियमपासून प्लुटोनियम होताना मधे लागतो, एवढंच. नांदेडहून परभणीला जाताना आपण पूर्णा स्टेशनकडे जेवढं बघतो, तेवढंच.

खरं तर हे स्टेशन सेग्रेसारख्या माणसाचंही हुकलं होतं. तेव्हाच्या तक्त्यात ९३ ची जागा रेनियमखाली होती. युरेनियमवर न्यूट्रॉन मारल्यावर सुमारे २.३ दिवस अर्धायुष्य असलेला पदार्थ मिळे. १९३९ साली सेग्रेने तो तपासला. रेनियमसारखा वागेना, दुर्मिळ मृदा धातूसारखा वागतो, म्हणजे नवं मूलद्रव्य नव्हे, असं त्याने ठरवलं. १९४० मध्ये मॅकमिलन आणि एबलसन यांनी बर्कलेत तोच पदार्थ पुन्हा घेतला. क्षपण केलं की तो हायड्रोफ्लोरिक आम्लात सिरियमबरोबर साक्याला बसे. ब्रोमेटने ऑक्सिडीकरण केलं की द्रावणातच राही. म्हणजे भाऊबंद युरेनियमचा! तक्ताच चुकला होता.

आपल्याकडे ट्रॉम्बेचा प्लुटोनियम प्लांट १९६४ ला सुरू झाला. सायरस अणुभट्टीतलं जळालेलं इंधन नायट्रिक आम्लात विरघळवायचं, मग ट्रायब्युटिल फॉस्फेट घातलेल्या तेलाबरोबर घुसळायचं. युरेनियम, प्लुटोनियम तेलात जातात. नेप्ट्युनियम मात्र दोन्ही घरचा पाहुणा. संयुजा चार किंवा सहा असेल तर तेलात. पाच असेल तर पाण्यातच. किंचित नायट्रस आम्ल असलं की पाचाचा सहा होतो, जास्त झालं की सहाचा परत पाच. त्यामुळे बराचसा कचऱ्यात जाऊ शकतो. आणि हा नेप्ट्युनियम-२३७. अर्धायुष्य २१ लाख वर्षं!

असा कचरा काचेत गोठवतात. पण पुढेमागे काचेपर्यंत पाणी पोचलं तर? पाच संयुजेचा नेप्ट्युनियम खडकाला फारसा चिकटत नाही, पाण्याबरोबर चालू लागतो. ऑक्सिजन नसेल आणि खडकातलं फेरस लोह भेटलं, तर तो चारवर येतो. मग जवळजवळ विरघळतच नाही.

लातूरच्या मामांना हे सांगत होतो. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी त्यांनी भरलंय, त्यामुळे पाण्याची गोष्ट ते नीट ऐकतात. म्हणाले, "बोअरात खाली हवा असते का रे?"

म्हटलं, मामा, सगळं तिथेच तर अडकलंय. खोल जावं तसा पाण्यातला ऑक्सिजन साधारणपणे कमी होतो, पण भेगेतून वरचं पाणी उतरत असेल तर तो खालीही पोचतो.

"मग भेगा मोजा आधी," म्हणाले, आणि टँकरवाल्याला फोन लावायला उठले.