सुप्याचा बाजार आणि दुकानदाराची वही

१२ मे १८७५, बुधवार. सुपे गावात बाजार भरला होता. आज बारामती तालुक्यात असलेले हे गाव तेव्हा भीमथडी तालुक्यात होते आणि त्याची पेठ मोठी होती. बाजाराला जमलेल्या कुणब्यांनी त्या दिवशी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली. कापड आणि धान्य लुटले गेले. पण जमावाचा खरा डोळा होता तो कागदांवर. कर्जरोखे आणि खातेवह्या हाती लागतील तशा बाहेर काढून जाळण्यात आल्या.

शाळेच्या पुस्तकात ही घटना 'दख्खनचे दंगे' या नावाने दोन-चार ओळींत येते. त्या ओळींत एक गोष्ट हमखास निसटते: ज्यांची घरे फुटली ते सावकार बहुतांशी गावचे दुकानदारही होते. मीठ, तेल, कापड, बियाणे आणि कर्ज हे सारे एकाच ओट्यावर मिळत असे.

'मॉलमधली खरेदी कमी करा, गल्लीतल्या दुकानातून माल घ्या', हा सल्ला आज बारामती-इंदापुरातही ऐकू येतो. गंमत अशी की याच मुलखाने दीडशे वर्षांपूर्वी नेमके उलटे केले होते. तेव्हा लोकांनी गल्लीतल्या दुकानाकडेच पाठ फिरवली होती. तसे का झाले हे समजून घेतल्याशिवाय आजच्या सल्ल्याला अर्थ येत नाही.

मुळात बारामतीला पेढी आणि सावकारी नवी नव्हती. पेशवाईत हे गाव ज्या बाबूजी नाईक जोशी यांच्याकडे होते, ते स्वतः मोठे सावकार. थोरल्या बाजीरावाला त्यांचे देणे होते. १७४० मध्ये बाजीराव वारल्यावर पेशवेपद आपल्याला मिळावे म्हणून नाईकांनी प्रयत्न केला, आणि नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी त्यांची बाजू घेतली. कविवर्य मोरोपंत बारामतीत स्थिरावले तेही याच नाईकांच्या आश्रयाने. कऱ्हेकाठी पैसा होता, आणि तो मराठी राज्याच्या राजकारणात वजन टाकीत होता.

पण पेशवाईतला सावकार आणि १८७० चा सावकार यांत मोठा फरक पडला होता. पूर्वी वसुलीसाठी त्याला गावाच्या मर्यादेत राहावे लागे. पाटील, पंचायत, बलुतेदार या साऱ्यांशी त्याचे रोजचे व्यवहार असत. कुणब्याला पार बुडवणे त्यालाही परवडत नसे. इंग्रजी अमलात त्याच्या हाती दिवाणी कोर्ट आले. कागदावर अंगठा असला की हुकूमनामा मिळे, आणि हुकूमनाम्यावर जमीन जाई.

याच सुमारास सरकारी साऱ्याचाही प्रश्न पेटला. मुंबई इलाख्यात पुढे सर्वत्र पसरलेली जमीनमोजणी आणि साराआकारणीची पद्धत प्रथम आकाराला आली ती इंदापूर तालुक्यात, गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या हाताखाली, १८३६ च्या आसपास. तिची तीस वर्षांची मुदत संपल्यावर फेरआकारणीचा पहिला फटकाही इंदापूरलाच बसला, १८६७ मध्ये. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे चढलेले कापसाचे भाव तोवर कोसळले होते. तेजीच्या काळात सढळ हाताने कर्ज देणारे सावकार आता हात आखडू लागले, आणि सारा मात्र वाढलेला.

दुकानाची वही कशी चाले, हे येथे पाहण्यासारखे आहे. कुणबी वर्षभर उधारीवर माल नेई. सुगी झाली की धान्य त्याच दुकानात येई, आणि त्याचा भाव दुकानदार ठरवी. जमेकडे किती लिहिले, नावे किती टाकले, हे कुणब्याला वाचता येत नसे. पावती नसे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची मर्यादा घातली होती. हेतू असा की व्याज फार साचू नये. सावकारांनी त्यावर तोड काढली: दर तीन वर्षांनी नवा रोखा करून घ्यायचा आणि थकलेले व्याज मुद्दलात मिळवायचे. ऋणकोच्या रक्षणासाठी केलेला कायदा असा त्याच्याच गळ्याशी आला.

डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील करडे गावात ठिणगी पडली. तेथील एका देशमुखाविरुद्ध सावकाराने हुकूमनामा मिळवून त्याच्या घरावर टाच आणली. गावाने दगड उचलले नाहीत. गावाने गिऱ्हाइकी काढून घेतली. सावकाराच्या दुकानातून कोणी माल घ्यायचा नाही, त्याचे शेत कोणी कसायचे नाही, न्हावी, परीट, सुतार, लोहार, चांभार यांनी त्याचे काम करायचे नाही. हा बहिष्कार पाहता पाहता पुणे, नगर, सोलापूर, साताऱ्याच्या गावांत पसरला.

इंदापूर तालुक्यातील कळस गावाने तर लेखी करारच केला. दंग्यांच्या चौकशीच्या कागदपत्रांत तो जपला गेला आहे. गुजर सावकारांची जमीन जो कसेल त्याला बलुतेदारांची सेवा मिळणार नाही. जो फुटेल त्याला लग्नकार्याला बोलावणार नाहीत, पंक्तीला घेणार नाहीत. परत यायचे असेल तर सर्वांच्या संमतीने, दंड भरून आणि गावाला जेवण घालून.

या कराराचे कौतुक करताना जपून करावे. त्याचे हत्यार जातिबहिष्काराचे होते, आणि ते गावातील दुबळ्या माणसावरही तितक्याच निर्दयपणे चालले असते. शिवाय रोख परप्रांतातून आलेल्या गुजर-मारवाड्यांवर होता. सावकारी करणारे ब्राह्मण पुढे दंग्यांत बहुतेक ठिकाणी वाचले. तरीही एक गोष्ट निर्विवाद आहे. खरेदी कुठे करायची हा एकेका घराचा खासगी प्रश्न नसून गावाने मिळून ठरवायची बाब आहे, हे या मुलखाला तेव्हा उमगले होते.

बहिष्कार पुरा पडेना तेव्हा सुपे घडले. त्यानंतर दंग्यांचे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत मिळून ३३ गावांत गेले. ९५१ जणांना अटक झाली, ५०१ जणांना शिक्षा. एवढ्या मोठ्या उठावात रक्त मात्र फार कमी सांडले. सावकाराने रोखे मुकाट्याने स्वाधीन केले की जमाव बहुधा त्याच्या अंगाला हात लावीत नसे.

सरकारने आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा आला; प्रथम पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांपुरता. कर्जापायी शेतकऱ्याला अटक करणे त्याने बंद केले. रोख्यावरचा आकडा बाजूला ठेवून व्यवहाराचा मूळ इतिहास तपासण्याचा अधिकार न्यायाधीशाला दिला. इतिहासाच्या पुस्तकांत यांची चर्चा होते. त्यातले एक साधे कलम मात्र दुर्लक्षित राहते: शेतकऱ्याने पैसे दिले की पावती द्यायची, मागितल्यास हिशेबाचा उतारा द्यायचा आणि त्याच्यापाशी राहील असे पासबुकही करून द्यायचे. सुप्यात जाळली गेली ती वही फक्त दुकानदारापाशी असे. कायद्याने तिची दुसरी प्रत गिऱ्हाइकाच्या हाती दिली.

त्याच दशकात पुण्यात सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, स्वदेशी मालाची दुकाने काढीत होते. १८७७ च्या दिल्ली दरबाराला ते खादी नेसून गेले. करडे गावचा बहिष्कार आणि काकांचे दुकान यांचा थेट धागा जोडणे धाडसाचे ठरेल. पण 'पैसा कोणाच्या गल्ल्यात पडतो' हा प्रश्न खेड्यात आणि शहरात एकाच काळी विचारला जात होता, एवढे खरे.

पुढे नीरा डावा कालवा आला. १८८५ मध्ये त्याचे पाणी सुरू झाले आणि बारामती-इंदापुरात ऊस उभा राहिला. उसाबरोबर गूळ, गुळाबरोबर अडत, आणि अडतीबरोबर पुन्हा कर्ज. या ऊसकऱ्यांच्या सहकारी सोसायट्यांना भांडवल मिळाले ते १९११ मध्ये विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लूभाई सामळदास यांनी मुंबईत उभारलेल्या सहकारी बँकेकडून. १९१४ मध्ये दौंड-बारामती ही छोटी रेल्वे धावू लागली. कर्ज सोसायटीकडे गेले तसा दुकानदार हळूहळू नुसता दुकानदार उरला. आज ज्याला आपण 'आपला वाणी' म्हणतो, तो या बदलातून घडलेला माणूस आहे. सुप्यातल्या सावकाराचा तो व्यवसायबंधू खरा, पण त्याच्या हातातली जमिनीची दोरी केव्हाच सुटली आहे.

गिऱ्हाइकांचे संघटनही नव्या रूपात परतले. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली. १९७५ मध्ये निघालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारच्या घरांचे संघ बांधून महिन्याचा माल एकत्र घेण्याची पद्धत रुजवली. जातीच्या पंक्तीऐवजी आता शेजाराची यादी होती.

मग सुपरमार्केट आले. डी-मार्टचे पहिले दुकान पवईत २००२ मध्ये उघडले. सप्टेंबर २०१२ मध्ये केंद्र सरकारने अनेक ब्रँड विकणाऱ्या किरकोळ दुकानांत ५१ टक्के परकीय गुंतवणुकीला वाट मोकळी केली तेव्हा देशभर गदारोळ झाला; ती सवलत मुख्यतः १० लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांसाठी होती. बारामती आणि इंदापूर त्या रेषेच्या कितीतरी खाली. देशी साखळ्यांना मात्र अशी रेषा नव्हतीच.

सुपरमार्केटची ओढ प्रामाणिक आहे, हे मान्य करायला हवे. छापील किंमत, त्याहून कमी दर, आणि हातात यंत्रातून निघालेली पावती. १८७५ च्या कुणब्याने जे मागितले असते तेच सारे. फक्त तेथे उधारी नाही.

आणि या दोन तालुक्यांत उधारीला अजून काम आहे. ऊसबिल हप्त्यांनी येते, दुधाचा पगार दहा दिवसांनी होतो, मजुरीचा दिवस कधी भरतो कधी नाही. घरात चहापत्ती रोज लागते. ही दरी वाणी भरून काढतो, तीही बहुधा व्याजाशिवाय. त्याला हे परवडते, कारण नोकरदार घरे महिन्याची यादी रोखीने भरतात. रोख देणाऱ्याच्या पैशावर उधारीवाल्याचे पीठ चालते. दुकानाचे गणित एवढेच आहे. रोखीची यादी मॉलमध्ये गेली आणि गल्लीत फक्त कोथिंबीर, काडेपेटी आणि उधारी उरली, तर आधी उधारी बंद होते, मग दुकान. ज्याला उधारीची गरज होती तो मॉलमध्ये जात नाही. तो पुन्हा व्याजाने पैसे देणाऱ्याच्या दारात जातो.

म्हणून स्थानिक दुकानाचा प्रश्न पगारदार घराच्या सोयीपुरता किंवा जुन्या आठवणींपुरता नाही. महिन्याची अर्धी यादी जरी गल्लीत आली, तरी तिच्यावर दुसऱ्या कोणाचे तरी पंधरा दिवस निघतात. वजनकाटा, भाव आणि पावती मात्र मागून घ्यावी. दुकानदार ओळखीचा असला तरी, किंबहुना ओळखीचा आहे म्हणूनच.

जुन्या किराणा दुकानांत त्याची सोय आहेच. महिन्याच्या गिऱ्हाइकाकडे एक छोटी डायरी असते. माल नेताना ती बरोबर न्यायची, दुकानदार त्यात तारीख, जिन्नस आणि रक्कम लिहितो, तीच नोंद स्वतःच्या वहीत करतो, आणि डायरी गिऱ्हाइकासोबत परत घरी येते. स्वयंपाकघरात, फडताळाच्या खिळ्याला दोऱ्याने टांगलेली.