पिल्लांच्या आहारातून चरबी काढली तेव्हा

स्निग्ध पदार्थ शिकवताना आपण बहुधा एका ग्रॅमपासून 9 किलोकॅलरी मिळतात एवढे सांगून पुढे जातो. पण त्या मेदात विरघळून आणखी काय काय शरीरात जाते, हे कोंबडीच्या पिल्लांनी शास्त्रज्ञांना दाखवून दिले. तेही दुसऱ्याच प्रश्नाचा शोध चालू असताना.

तो प्रश्न कोलेस्टेरॉलचा होता. शरीर ते स्वतः बनवते, की ते अन्नातूनच मिळावे लागते? पिल्लांना ते बनवता येत नाही, असा समज होता. कोपनहेगन विद्यापीठातील हेन्रिक डाम यांनी 1928च्या सुमारास हे तपासायला घेतले. हिशेब सरळ होता. पिल्लांना जवळजवळ कोलेस्टेरॉल नसलेला, स्निग्धांश काढून टाकलेला आहार द्यायचा. त्यात अ आणि ड जीवनसत्त्वे वेगळी घालायची. आणि काही आठवड्यांनी शरीरातील कोलेस्टेरॉल मोजायचे. ते वाढले, तर पिल्लानेच ते बनवले असणार. ते वाढलेले आढळले. प्रश्न सुटला.

मात्र काही पिल्लांच्या कातडीखाली आणि स्नायूंमध्ये रक्त साचलेले दिसले. त्यांचे रक्त गोठायला फार वेळ लागत होता. मूळ प्रश्नाचे उत्तर हाती आल्यावर ही पिल्ले 'आजारी' म्हणून बाजूला टाकणे सोपे होते. डाम यांनी तसे केले नाही, आणि आम्हांला वाटते, खरे संशोधन येथून सुरू झाले.

रक्तस्राव म्हणजे स्कर्व्ही असेल, म्हणून लिंबाचा रस देऊन पाहिला. नंतर शुद्ध क जीवनसत्त्वही टोचले. उपयोग झाला नाही. कोलेस्टेरॉल देऊन झाले, कॉड माशाच्या यकृताचे तेल देऊन झाले. हिरवा पाला, टोमॅटो, भांगेच्या बिया आणि डुकराचे यकृत यांनी मात्र रक्तस्राव थांबला. याचा अर्थ, चरबी काढताना तिच्यात विरघळलेला एक अनोळखी घटकही निघून जात होता. 1935 मध्ये डाम यांनी त्याला 'के' हे नाव दिले. डॅनिश आणि जर्मन भाषांत रक्त गोठण्यासाठी जो शब्द आहे त्याचे ते आद्याक्षर.

कॅनडात गुएल्फ येथे 1931 मध्येच, ईथरने चरबी काढलेली मासळीची भुकटी खाणारी पिल्ले पंखाला ओळखपट्टी लावताना झालेल्या जखमेतून रक्त वाहून मरताना आढळली होती. बर्कलीच्या हर्मन आल्मक्विस्ट यांना तर आणखी एक गंमत दिसली. हीच भुकटी ओली करून कुजू दिली की तिच्यात तो घटक येई! तो जीवाणू तयार करत होते. त्यांचा आणि स्टोकस्टाड यांचा निबंध एका नियतकालिकाकडून परत आला आणि 'नेचर'मध्ये डाम यांच्यानंतर काही आठवड्यांनी छापला गेला. 1943चे नोबेल पारितोषिक डाम आणि हा पदार्थ शुद्ध करून त्याची रचना शोधणारे एडवर्ड डॉइझी यांना विभागून मिळाले. आल्मक्विस्ट यांचे नाव त्यात नव्हते, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही.

हाच प्रयोग उंदरांवर केला असता तर कदाचित काहीच दिसले नसते. उंदीर आपली विष्ठा खातात, आणि तिच्यातील जीवाणूंनी बनवलेले 'के' त्यांना परत मिळते. पिल्लाचे मोठे आतडे आखूड असते. तेथे जीवाणूंकडून मिळणारा वाटा तुटपुंजा.

दवाखान्यातील एका जुन्या कोड्याचा उलगडाही येथेच झाला. पित्तनलिका अडून कावीळ झालेले रुग्ण शस्त्रक्रियेत रक्तस्रावाने दगावत. पित्त आतड्यात न आल्याने मेद शोषला जात नसे, आणि त्याबरोबर 'के'ही नाही. 1938 पासून अशा रुग्णांना 'के' आणि पित्तक्षार देऊ लागले. नवजात बाळाची अवस्था डाम यांच्या पिल्लासारखीच असते: वारेतून 'के' फार थोडे येते, आईच्या दुधात ते कमी असते, आतड्यात जीवाणू अजून रुजलेले नसतात. म्हणून जन्मल्याबरोबर बाळाच्या मांडीत त्याचे इंजेक्शन देतात. पूर्ण दिवसांच्या बाळाला त्याची मात्रा सहसा 1 मिलिग्रॅम असते.