‘वैदर्भी’ ते ‘जपानी’: शैलीच्या नावावरून भांडण

व्हिडिओ गेमच्या शौकिनांना वादासाठी विषयांची वाण नाही. पण ‘रोल-प्लेइंग गेम’ अर्थात आरपीजी या प्रकाराइतक्या हट्टाने ते क्वचितच दुसऱ्या कशावर भांडत असतील. खेळणाऱ्याने एका पात्राची भूमिका घ्यायची, त्याचे बळ, शस्त्रे आणि विद्या वाढवीत दीर्घ कथानक पार करायचे, हे या खेळांचे सर्वसाधारण रूप. लढाई बुद्धिबळासारखी आळीपाळीने व्हावी की हातघाईची, नायक लेखकाने घडवलेला असावा की खेळणाऱ्याने, कथा आधीच ठरलेली असावी की प्रत्येक निर्णयागणिक तिला फाटे फुटावेत, यांवर तट पडलेले आहेत. या तटांना नावे मात्र पडली ती भूगोलाची. एक ‘जपानी’ म्हणजे जेआरपीजी आणि दुसरी ‘पाश्चात्त्य’.

शैलीला प्रदेशाचे नाव द्यायचे आणि पुढे त्या नावावरूनच डावे-उजवे ठरवायचे, ही रीत नवी नाही. भारतीय साहित्यशास्त्रात हाच वाद हजार-बाराशे वर्षांपूर्वी रंगला होता आणि त्यातील एका पक्षाचे नाव आजच्या वाशीमशी जोडलेले होते.

अकोल्यातून १ जुलै १९९८ रोजी वेगळ्या झालेल्या जिल्ह्याचे मुख्यालय असलेले वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या शाखेचा संस्थापक सर्वसेन चौथ्या शतकातला. तो स्वतः कवी होता. महाराष्ट्री प्राकृतातील त्याचे ‘हरिविजय’ हे काव्य आज उपलब्ध नाही. मात्र आनंदवर्धनासारख्या साहित्यशास्त्रकारांनी त्याची दखल घेतलेली आहे. दहाव्या शतकाच्या सुमारास राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त एक रूपककथा सांगितली. रुसून निघालेल्या काव्यपुरुषाच्या मागोमाग साहित्यविद्या ही वधू देशोदेशी फिरते. पूर्वेकडे तो तिच्याकडे फारसे लक्ष देत नाही, पुढे हळूहळू वळतो आणि अखेर विदर्भातील वत्सगुल्म नगरात दोघांचा गांधर्वविवाह होतो. याच राजशेखराने ‘कर्पूरमंजरी’च्या आरंभी वैदर्भी रीतीला ‘वच्छोमी’ म्हटले आहे. हे नाव वत्सगुल्मावरून आले.

वैदर्भी म्हणजे सुबोध, कोमल, कमी समासांची रचना. गौडी म्हणजे बंगालकडची, समासांनी भरलेली, आडंबराची रचना, अशी सर्वसाधारण समजूत होती. दंडीने ‘काव्यादर्शा’त दहा गुण हे वैदर्भ मार्गाचे प्राण ठरवले आणि गौड मार्गात बहुधा त्यांचा विपर्यय दिसतो, असे म्हटले. आठव्या-नवव्या शतकांच्या संधिकाळातील काश्मीरचा वामन आणखी पुढे गेला. रीती हाच काव्याचा आत्मा, असे त्याचे मत. ही नावे त्या त्या प्रदेशात ती रचना आढळते म्हणून पडली, भूमीमुळे काव्याला काही लाभ होतो असे नव्हे, हे त्याला मान्य होते. तरीही सर्व गुण वैदर्भीतच असल्याने तिचाच आश्रय करावा, हा त्याचा आग्रह. आधी दुसऱ्या रीतींवर हात बसवावा आणि मग वैदर्भीकडे यावे, हेही त्याला पटेना. तागाचे सूत विणण्याचा सराव केल्याने रेशमाच्या विणकामातले कसब येत नाही, असे त्याने बजावले. एखाद्या मालिकेचा सोपा खेळ खेळून आलेल्या नवख्याला जुने खेळाडू आज साधारण याच सुरात बोलतात.

या मताला पहिला खणखणीत विरोध भामहाचा. वैदर्भ ते चांगले आणि गौड ते वाईट, ही त्याच्या मते मेंढरांची चाल; दुसरा म्हणतो म्हणून आपण म्हणायचे. अर्थपूर्ण, सुसंगत, ग्राम्य नसलेली गौड रचना चांगलीच. आणि आशय नसेल तर वैदर्भ रचना गाण्यासारखी कानाला गोड लागेल, एवढेच.

खेळांच्या बाबतीत तर उगमच एक आहे. कागद, पेन्सिल आणि फाशांनी खेळायचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ अमेरिकेत १९७४ मध्ये आला. त्यावरून स्फुरलेले ‘अल्टिमा’ आणि ‘विझर्ड्री’ हे संगणकावरील खेळ १९८१ मध्ये निघाले आणि या दोहोंपासून प्रेरणा घेऊन युजी होरी यांनी १९८६ मध्ये जपानमध्ये ‘ड्रॅगन क्वेस्ट’ घडवला. पुढच्याच वर्षी ‘फायनल फँटसी’ आला. म्हणजे जिला ‘जपानी’ म्हणायचे ती शैली अमेरिकी बीजातूनच अंकुरली! तटांच्या आतही शांतता नाही. १९९७ च्या ‘फॉलआउट’मधील लढाई आळीपाळीची होती. २००८ मध्ये दुसऱ्या कंपनीने काढलेला ‘फॉलआउट ३’ नायकाच्या डोळ्यांतून दिसणारा, धावत्या लढाईचा निघाला तेव्हा जुने चाहते संतापले. ‘बाल्डर्स गेट’च्या बाबतीत उलटे घडले. पहिल्या दोन भागांतील धावती, हवी तेव्हा थांबवता येणारी लढाई २०२३ च्या तिसऱ्या भागात आळीपाळीची झाली, आणि नाराजी तेथेही उमटलीच.

लेबलाची झळ मात्र खेळणाऱ्यांपेक्षा करणाऱ्यांना अधिक बसते. ‘फायनल फँटसी १६’चे निर्माते नाओकी योशिदा यांनी २०२३ मध्ये एका मुलाखतीत सांगितले, की सुमारे पंधरा वर्षांपूर्वी ‘जेआरपीजी’ हा शब्द प्रथम ऐकला तेव्हा तो भेदभावाचा, आपली थट्टा केल्यासारखा वाटला. आम्ही जपानी प्रकार करायला बसलो नव्हतो, नुसते आरपीजी करीत होतो, असा त्यांचा भाव होता. अलीकडे या शब्दाला बरा अर्थ आल्याचेही त्यांनी कबूल केले. पण काही सहकाऱ्यांच्या मनातील जुना सल गेलेला नाही.

काश्मीरच्या कुंतकाला हे म्हणणे समजले असते. हजार वर्षांपूर्वी ‘वक्रोक्तिजीवित’ लिहिताना त्याने प्रदेशांची नावेच मोडीत काढली. देशावरून रीती ठरवायची तर जितके देश तितक्या रीती मोजाव्या लागतील. मामेबहिणीशी लग्न करण्यासारखी एखादी चाल देशाचारावर चालते. काव्य तसे चालत नाही, त्याला प्रतिभा आणि अभ्यास लागतो. उत्तम, मध्यम, अधम ही प्रतवारीही त्याने नाकारली; एकच रीती रसिकाला आनंद देणार असेल तर इतर शिकवायच्याच कशाला? त्याऐवजी कवीच्या स्वभावावरून त्याने सुकुमार, विचित्र आणि मध्यम असे तीन मार्ग मानले. सुकुमार मार्गाचे कवी सांगताना त्याने कालिदासाच्या जोडीला नाव घेतले ते सर्वसेनाचे. वाशीमचा राजा यादीत राहिला, पण वाशीमचा म्हणून नव्हे.

गेमच्या जगाला असा कुंतक अद्याप मिळालेला नाही. एप्रिल २०२५ मध्ये फ्रान्समधील एका नव्या स्टुडिओने ‘क्लेअर ऑब्स्क्युर: एक्स्पिडिशन ३३’ आणला. आळीपाळीची लढाई, ठरलेली कथा आणि जपानी खेळांचे उघड ऋण असलेल्या या फ्रेंच खेळाला जेआरपीजी म्हणायचे की नाही, यावर शौकिनांत लगेच जुंपली.