काचेच्या तंतूतील तापमापक

१९१० साली रायपूर हे मध्य प्रांतातील एक जिल्ह्याचे ठिकाण होते आणि त्याचा कारभार नागपुरातून चाले. त्याच वर्षी नागपूरच्या सरकारी हिशेबखात्यात चंद्रशेखर वेंकट रामन नावाचा एक तरुण अधिकारी बदलून आला आणि वर्ष पुरे होण्याच्या आतच बढतीवर कलकत्त्यास परतला. १९१७ साली त्याने ही मानाची नोकरी सोडून विद्यापीठातील अध्यापकपद पत्करले. हिशेबखात्याची त्यात फारशी हानी झाली असेल असे वाटत नाही.

२८ फेब्रुवारी १९२८ रोजी रामन यांना जे गवसले, ते सर्वश्रुत आहे. पदार्थातून विखुरलेल्या प्रकाशाचा अत्यल्प अंश, कोटीमागे एखादा कण म्हणा ना, आपला रंग बदलून बाहेर पडतो. कंप पावणाऱ्या रेणूला तो थोडी ऊर्जा देऊन जातो, किंवा त्याच्याकडून घेऊन जातो. पदार्थ जितका तप्त, तितके घेऊन जाणारे कण अधिक. म्हणजे प्रकाश येताना तापमानाची वार्ता घेऊन येतो! परंतु ही वार्ता इतकी क्षीण की, प्रयोगशाळेबाहेर ती ऐकावी कोणी?

त्यासाठी दोन गोष्टी हव्या होत्या. पहिली लेसरचा प्रखर, एकरंगी झोत. तो १९६० साली सिद्ध झाला. दुसरी गोष्ट प्रकाश दूरवर नेणारा काचेचा तंतू. पंजाबात जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी १९५४ साली लंडनमध्ये हॉपकिन्स यांच्यासह तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा नेऊन दाखविली. पण तिचा पल्ला थोडा होता. दोष काचेतील अशुद्धतेचा आहे, असे चार्ल्स काओ यांनी १९६६ साली प्रतिपादिले. १९७० साली अमेरिकेत कॉर्निंगच्या संशोधकांनी असा तंतू ओढला की, किलोमीटरअखेर शंभरातील एकाहून अधिक हिस्सा प्रकाश शिल्लक राहिला.

तंतू निर्माण झाला तो संभाषणासाठी. १९८५ साली इंग्लंडमधील साऊदॅम्प्टन येथे डेकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यालाच तापमापक केले. तंतूत प्रकाशाचा क्षणिक स्पंद सोडावयाचा आणि मागे फिरणारा रामन-प्रकाश मोजावयाचा. त्यातील दोन रंगांच्या प्रमाणावरून तापमान कळते आणि परतण्यास लागलेल्या वेळेवरून ठिकाण. किलोमीटरभर अंतरावरील उत्तर सेकंदाच्या एक लक्षांशात येते. एकच तंतू हजारो तापमापकांचे काम करतो, आणि त्यात वीज खेळत नसल्यामुळे ठिणगीचे भय नाही.

हे भय छत्तीसगडास परके नाही. कोरब्याचा कोळसा वीजनिर्मितीचा आधार आहे, आणि साठवलेला कोळसा आतल्या आत तापून पेटतो, हे तेथे कोणास सांगावयास नको. वाहक पट्ट्याखालचा एखादा अडकलेला रूळही आगीस पुरेसा होतो. अशा पट्ट्यालगत तंतू ताणून ठेवला, तर धूर दिसण्यापूर्वी उष्णता कळू शकते. जुन्या रायपूरच्या शेजारी वसविलेल्या नवा रायपूर या राजधानीत २०१५ साली जी माहिती तंत्रज्ञानाची संस्था निघाली, तिच्या स्थापनेत राज्यशासनाबरोबर कोळशावर वीज करणारे राष्ट्रीय औष्णिक वीज महामंडळही भागीदार आहे. या विद्येस विद्यार्थी आणि गरजवंत असे एकाच उंबरठ्यावर भेटावेत, हा योग मला मोलाचा वाटतो.

मात्र तंतू ठिकाण सांगतो, कारण सांगत नाही. अमुक मीटरवर उष्णता वाढली एवढेच तो कळवील. तेथे जाऊन पट्टा थांबविणारा आणि रूळ तपासणारा कामगार पाठवावाच लागतो, आणि तो वेळेवर पाठविला जातो की नाही, हे कारखान्याच्या व्यवस्थेवर अवलंबून राहते.